रकाना कोणी आखला?

(संघटनेच्या वार्षिक शिबिरात, शिक्षण मध्येच थांबलेल्या पदवीधर मैत्रिणींच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



'एम.सी.ए.ला अर्ज कसा करावा' हा विषय मला दिलेला आहे. मघाशी चहाच्या वेळी दोघीतिघींनी विचारलं, की आपल्या शिबिरात हा विषय कशाला? करिअर मार्गदर्शनाचे वर्ग तर गल्लोगल्ली झालेत. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देत देतच मी अर्जाबद्दल बोलणार आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी तालुक्याच्या गावची. २०१० साली गणित घेऊन बी.एस्सी. झाले आणि त्याच वर्षी लग्न झालं. पुढची बारा वर्षं संसार, दोन मुलं, सासूबाईंचं दुखणंखुपणं, आणि त्यातली सहा वर्षं एका पतसंस्थेत संगणकावर नोंदी करण्याची नोकरी. २०२२ साली, तेहेतिसाव्या वर्षी, मी एम.सी.ए.ची प्रवेश परीक्षा दिली. २०२४ साली पदवी मिळाली. आता मी एका छोट्या कंपनीत संस्थांसाठी माहिती प्रणाली बनवण्याचं काम करते.

हा विषय आहे तरी काय?

माहिती प्रणाली म्हटलं की बायका बिचकतात. पण आमच्या पतसंस्थेत संगणक येण्याआधीही माहिती प्रणाली होतीच की! रोजकीर्द होती, खतावणी होती, खातेदाराचं पासबुक होतं. कोणती नोंद कोणत्या वहीत जायची, कोणती वही कोणी उघडायची, शेवटी सही कोणाची, याचे नियम होते. लोक, वह्या आणि नियम मिळून ती प्रणाली. संगणकानं वह्यांची जागा घेतली, एवढंच. माणसं आणि नियम तसेच आहेत. परदेशात या विषयाला 'इन्फर्मेशन सिस्टिम्स' म्हणतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात त्याचा पीएच.डी.चा अभ्यासक्रम १९६८ सालीच सुरू झाला. आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळची पदवी म्हणजे एम.सी.ए., मास्टर ऑफ कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स. पूर्वी ती तीन वर्षांची होती, २०२०-२१ पासून दोन वर्षांची झाली. बारा वर्षं घरात अडकलेल्या बाईला ते एक वर्ष किती मोठं असतं, हे तुम्हाला सांगायला नको.

आता हा आपला विषय का, ते सांगते. प्रत्येक प्रणालीत कोणीतरी बसून रकाने आखतं. कोणती माहिती घ्यायची, कोणती सक्तीची, कोणती नकोच, हे ठरवतं. ज्या गोष्टीला रकाना मिळतो ती मोजली जाते. ज्या गोष्टीला मिळत नाही ती सरकारच्या लेखी घडतच नाही.

चळवळीतल्या जुन्या मैत्रिणींना हे माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. १९९१ च्या जनगणनेच्या वेळी 'तुम्ही काम करता का' या प्रश्नात 'शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलं कामही धरून' असा खुलासा घालून घ्यावा लागला. त्याआधी दिवसभर शेतात राबणारी बाई 'काही करत नाही' म्हणून लिहिली जायची. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली घटनेचा जो अहवाल भरतात, त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक हिंसा असे वेगवेगळे भाग आहेत. नवऱ्यानं पगार काढून घेणं, खर्चायला पैसे न देणं, ही हिंसा आहे असं आपण वर्षानुवर्षं म्हणत होतो. फॉर्ममध्ये जागा झाली तेव्हा ती संरक्षण अधिकाऱ्याच्या कागदावर उतरली.

आणखी एक उदाहरण. १९८४ साली लेखिका गीता हरिहरन आणि त्यांच्या पतीनं लहान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला. पालक म्हणून सही आईची. अर्ज परत आला, वडिलांची सही आणा म्हणून. त्या एका सहीसाठी त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, आणि १७ फेब्रुवारी १९९९ रोजी न्यायालयानं आईलाही नैसर्गिक पालक मानणारा अर्थ लावला. फॉर्मवरच्या एका ओळीसाठी पंधरा वर्षं!

तेव्हा मधे कारकून तरी होता. त्याच्याशी भांडता यायचं, साहेबांकडे जाता यायचं. आता पडदा असतो. तो लाल खूण दाखवतो आणि गप्प बसतो. म्हणून मी म्हणते, की रकाना आखणाऱ्यांच्या खोलीत आपण असायला हवं. आणि त्या खोलीकडे जाणाऱ्या वाटांपैकी एक वाट या अर्जावरून जाते.

तीन घरांतले कागद

एम.सी.ए.च्या अर्जाला काय काय लागतं? दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या गुणपत्रिका, शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला, अधिवासाचा दाखला, राखीव प्रवर्गातली असलीस तर जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर, आणि मधे शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. कुठल्याही मुलाला हे कागद लागतात. त्याचे सगळे एका घरात, एका पेटीत, एका नावावर असतात. बाईचे कागद तीन घरांत विखुरलेले असतात.

माझ्या गुणपत्रिका माहेरी, आईच्या ट्रंकेत. रेशन कार्ड आणि पत्ता सासरचा. तिसरं घर शहरातलं भाड्याचं, जिथं मी खरोखर राहत होते आणि ज्याचा माझ्या नावावर एकही कागद नव्हता. जातीचा दाखला काढायचा तर वडिलांकडचे पुरावे लागतात, कारण लग्नानं जात बदलत नाही. म्हणजे जातीसाठी बापाकडे जा, पत्त्यासाठी नवऱ्याकडे जा. नॉन-क्रिमिलेअरला तर गंमतच झाली. एका कार्यालयात मला नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला मागितला. केंद्र सरकारचं ८ सप्टेंबर १९९३ चं जे ज्ञापन क्रिमिलेअरच्या मुळाशी आहे, त्याची सगळी मांडणी उमेदवाराच्या आई-वडिलांच्या स्थितीवर आहे. ते छापून नेलं, टेबलावर ठेवलं. दोन फेऱ्या जास्त झाल्या, पण दाखला मिळाला. तुम्हाला सांगते, तोंडी भांडणापेक्षा छापील कागद टेबलावर ठेवलेला बरा.

आता नावाचं. आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवीन नाव लिहितात. माझं आडनावच नाही, नावही बदललं. पुढं आधार काढलं ते सासरच्या नावानं. त्यामुळे कागदपत्रं तपासणीच्या केंद्रावर समोरचा मुलगा म्हणाला, ''मॅडम, बारावीला एक बाई आहे आणि आधारला दुसरीच. यातल्या तुम्ही कोण?'' तो काही वाईट मुलगा नव्हता. त्याच्या पडद्यावर दोन नावं जुळत नव्हती, त्याला पुढचं बटण दाबता येत नव्हतं. शेवटी विवाह नोंदणीचा दाखला आणि नावातला बदल छापलेलं राजपत्र, असं दोन्ही जोडलं तेव्हा अर्ज पुढं सरकला. आमचं लग्न नोंदलेलं नव्हतं. लग्नानंतर बारा वर्षांनी गावी जाऊन, साक्षीदार गोळा करून ग्रामसेवकाकडे नोंद केली. नवरा म्हणाला, ''आपण आता अधिकृत झालो.'' हसलो आम्ही. पण त्यात तीन आठवडे गेले आणि अर्जाची मुदत संपायला दोनच दिवस उरले होते.

ज्यांचं लग्न अजून व्हायचंय त्यांना एवढंच सांगते, की लग्नानंतर बाईनं नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. आणि ज्यांनी बदललंय त्यांनी अर्जाची वाट न पाहता हे दोन कागद आजच करून ठेवावेत.

पडद्यामागं काय असतं

पुढं वर्गात बसल्यावर मला या त्रासाचं शास्त्र कळलं. १९७० साली एडगर कॉड नावाच्या संशोधकानं माहिती तक्त्यांमध्ये ठेवण्याची रीत मांडली. आज जगभर बँका, शाळा, सरकारं तीच वापरतात. तिच्यातला एक नियम असा, की तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला अशी एक खूण हवी जिच्यावरून ती ओळ नेमकी ओळखता येईल. तिला 'प्रायमरी की' म्हणतात. ही खूण कधी न बदलणारी असावी, असं शिक्षक शिकवतात. सरांनी विचारलं, ''नाव ही खूण का चालणार नाही?'' वर्गातली मुलं म्हणाली, एकाच नावाचे अनेक लोक असतात म्हणून. मी म्हटलं, ''सर, अर्ध्या लोकांचं नाव मधेच बदलतं म्हणून.'' सर थांबले आणि म्हणाले, हे पुस्तकात असतं पण पहिलं उत्तर म्हणून कोणी देत नाही. त्यात माझी हुशारी काही नव्हती. ज्याचं नाव कधी बदललेलं नाही त्याला ती अडचण सुचायला वेळ लागतो, एवढंच.

दुसरी गोष्ट रिकाम्या रकान्याची. रकाना रिकामा असण्याचे दोन अर्थ होतात. एक, माहिती आहे पण आपल्याला ठाऊक नाही. दुसरा, या व्यक्तीला हा प्रश्नच लागू नाही. चांगली प्रणाली हे दोन वेगळे ठेवते. वाईट प्रणाली म्हणते, रिकामा सोडायचाच नाही. संगणकाच्या भाषेत ते 'नॉट नल' एवढ्या दोन शब्दांत लिहितात.

या दोन शब्दांची किंमत काय होते ते बघा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला आणि त्यावर ओटीपी. जिचा नवरा वारलाय आणि वडीलही नाहीत, तिनं काय भरायचं? जी नवऱ्याच्या मारापायी घराबाहेर पडली, तिनं त्याच नवऱ्याकडे ओटीपी मागायचा? ओरड झाली, मग मुदत वाढली, अशा बायकांसाठी वेगळी वाट काढली गेली. पण आधी बायका हेलपाट्यांनी दमल्या. हा आराखडा ठरवताना त्या टेबलाशी एकटी राहणारी एक बाई बसली असती, तर 'लागू नाही' असा एक पर्याय पहिल्याच दिवशी आला असता.

चांगला बदलही सांगते. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असं लिहिलं जातं. वाचायला एक ओळ. पण शाळेपासून रुग्णालयापर्यंत सगळ्या प्रणालींत आता आईची जागा धरावी लागते.

अर्जाची रीत

आता कामाचं बोलते. वहीत लिहून घ्या.

महाराष्ट्रातल्या एम.सी.ए.साठी राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा असते आणि नंतर केंद्रीय प्रवेश फेऱ्या, ज्यांना कॅप म्हणतात. म्हणजे अर्ज दोन असतात, एक परीक्षेचा आणि दुसरा प्रवेशाचा. परीक्षा झाली की सुटलो असं समजून अनेक जणी थांबतात आणि दुसऱ्या अर्जाची मुदत निघून जाते. मी अर्ज केला त्या वर्षी पदवीला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४५ टक्के आणि बारावीला किंवा पदवीला गणित अशी अट होती. विज्ञान शाखाच हवी असं नव्हतं. गणित घेतलेली बी.कॉम., बी.ए. झालेली बाईही चालत होती. दरवर्षी माहितीपुस्तिका निघते. ओळखीच्या कोणाचं ऐकण्यापेक्षा तीच पहिल्या पानापासून वाचा.

या गणिताच्या अटीबद्दल मात्र आपण बोललं पाहिजे. आमच्या गावात अकरावी विज्ञानाचा वर्ग नव्हता. एस.टी.नं जायचं तर संध्याकाळी परतायला उशीर. मी जाऊ शकले कारण मामा तालुक्याला राहायचे. माझ्या तीन मैत्रिणींनी कला शाखा घेतली, तीही गणिताशिवाय, आणि त्यांची वाट सोळाव्या वर्षीच एस.टी.च्या वेळापत्रकानं बंद केली. इथं कोणाची मुलगी, भाची, पुतणी दहावीत असेल तर तिला गणित सोडू देऊ नका.

मोबाइल नंबर आणि ई-मेल स्वतःचाच द्या. हे सांगावं लागतं, कारण मी बघितलंय, नंबर नवऱ्याचा नाहीतर भावाचा असतो. निरोप त्याच्याकडे येतो, तो कामावर असतो, आणि ओटीपीची दहा मिनिटं संपतात. जागावाटपाचा निरोपही तिथंच येतो. आधारला जोडलेला नंबर दुसऱ्याचा असेल तर आधी तो बदलून घ्या.

बँक खातंही स्वतःचं आणि आधारला जोडलेलं हवं, कारण शिष्यवृत्तीचे पैसे महाडीबीटीतून तिथंच येतात. पैशाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, २०२४-२५ पासून, आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. त्याआधी निम्मं होतं. माझ्या वेळी मी ते निम्मं भरलं, त्यासाठी पाटल्या मोडल्या. पण ही माफी केंद्रीय फेरीतून प्रवेश घेतला तरच आहे. कॉलेजच्या व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर नाही. 'फेऱ्यांची कशाला वाट बघता, आत्ताच पैसे भरून जागा पक्की करा' असं कोणी गोड बोललं तर हे आठवा.

परीक्षेला मला ९० मिनिटांत १०० प्रश्न होते. गणित व संख्याशास्त्र, तर्क, इंग्रजी आणि संगणकाची ओळख. प्रश्नपत्रिका इंग्रजीत. मराठी माध्यमातल्यांनी घाबरू नये. गणिताचं इंग्रजी ठरावीक शब्दांचं असतं, महिनाभरात सवय होते. तर्काच्या प्रश्नांना मात्र वेगच लागतो, आणि वेग रोजच्या सरावानंच येतो.

नव्वद मिनिटांसाठी लागणारा वेळ

सरावाला वेळ कुठून आणायचा? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाची २९९ मिनिटं जातात, असं निघालं. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७. म्हणजे पाच तास आणि दीड तास. आणि घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात चारात एक. प्रवेश परीक्षा सगळ्यांना सारखीच ९० मिनिटांची असते. तिच्या मागची मिनिटं सारखी नसतात.

आपल्याकडच्या एम.सी.ए.च्या अर्जात 'तुम्हाला हे का शिकायचंय' असं कोणी विचारत नाही. परदेशी विद्यापीठं त्यावर पानभर निवेदन लिहायला लावतात. आपल्याकडे तो प्रश्न घरचे विचारतात. सासूबाई म्हणाल्या, ''आता या वयात कशाला?'' माझी आई म्हणाली, ''जावयांना विचारलंस का?'' शेजारीण म्हणाली, ''मुलांची दहावी करायची सोडून स्वतःची परीक्षा?'' म्हणून ते पानभर निवेदन तुम्हीही लिहा, असं माझं म्हणणं आहे. कोणाला द्यायचं नसलं तरी. मी वहीत लिहिलं होतं, 'सहा वर्षं मी दुसऱ्यांनी आखलेले रकाने भरले. आता मला आखायला शिकायचंय.' असं एक वाक्य स्वतःजवळ असलं, की उत्तर देताना आवाज चाचरत नाही.

घरात मी विनवणी केली नाही. कामांची यादी करून भिंतीला लावली. कोणतं काम, किती वेळ, कोण करतं. तीही एक माहिती प्रणालीच! 'कोण करतं' या रकान्यात एकच नाव खालपर्यंत दिसलं, तेव्हा नवरा काही बोलला नाही, पण सोमवारपासून डबे त्यानं धरले. मुलानं केर घेतला. सासूबाई महिनाभर घुश्श्यात होत्या. निकाल लागला तेव्हा पेढे मात्र त्यांनीच वाटले. सगळ्याच घरांत असं होतं असं मी म्हणणार नाही. जिथं वही फेकून देतात, फॉर्म फाडतात, अशा घरांतल्याही मैत्रिणी इथं आहेत. त्यांनी अर्ज घरून भरू नये, आपल्या कार्यालयातून भरावा. कागदही इथं ठेवावेत.

आपल्या आधीच्या बायका

'हे क्षेत्र पुरुषांचं' असं कोणी म्हणालं तर दोन नावं लक्षात ठेवा. एक स्टेफनी शर्ली. नाझींपासून वाचवण्यासाठी १९३९ साली लहान मुलांना आगगाडीनं इंग्लंडला पाठवलं, त्यातली ही एक ज्यू मुलगी. १९६२ साली तिनं ६ पौंड भांडवलावर सॉफ्टवेअरची कंपनी काढली. धंद्याच्या पत्रांना उत्तरं येईनात, तेव्हा ती 'स्टीव्ह' अशी पुरुषी सही करू लागली आणि उत्तरं यायला लागली! मुलंबाळं झाली म्हणून नोकरी सोडावी लागलेल्या बायकांना तिनं घरबसल्या काम दिलं. पहिल्या ३०० माणसांत पुरुष फक्त तीन. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग या घरी बसलेल्या बायकांनी केलं. २०२५ साली ती वारली.

दुसरी एनिड ममफर्ड. मँचेस्टरची समाजशास्त्रज्ञ. लिव्हरपूलच्या गोदी कामगारांचा अभ्यास करायला ती तिथल्या कँटीनमध्ये कामाला राहिली. तिचं सांगणं असं, की जी माणसं प्रणाली रोज वापरणार त्यांनीच ती आखण्यात भाग घ्यावा. टायपिंग करणाऱ्या सेक्रेटरी बायकांना घेऊन तिनं त्यांच्याच कामाची प्रणाली आखून दाखवली आणि १९८३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. आपल्याकडे काय होतं? २०२१ साली महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन निकृष्ट, आणि पोषणाची नोंद करायचं ॲप इंग्रजीत. कुपोषित मुलाचं वजन जी बाई घेते तिला कोणी विचारलंच नव्हतं.

'हे सगळं शिकलेल्या मूठभर बायकांचं' असा आक्षेप मला ऐकू येतोय. पदवी मूठभरांनाच मिळते, खरं आहे. पण रेशन, पेन्शन, घरकामगारांची नोंदणी, हे फॉर्म भरायला लागतात ते अंगठा उठवणाऱ्या बाईला. आपल्यातली एखादी रकाने आखायला शिकली आणि त्या बाईला विचारून आखायला लागली, तर उपयोग तिचा एकटीचा राहत नाही. आणि ती शिकून त्यांच्यासारखीच झाली, कोणाला न विचारता आखायला लागली, तर तिला इथं बोलावून जाब विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. मलाही विचारा.

मी दुसऱ्या वर्षी प्रकल्प म्हणून आपल्या सल्ला केंद्राची नोंदवही संगणकावर आणली. तेव्हा केंद्रातल्या ताईंजवळ दोन महिने बसले. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. जुन्या वहीत 'तक्रारीचं कारण' या रकान्यात एकच शब्द लिहायचा. ताई म्हणाल्या, मार, दारू, पैसे न देणं आणि संशय हे एकाच घरात एकत्र असतात, तिला एक निवडायला कसं लावायचं? मग तिथं हवी तितकी कारणं लिहिता येतील अशी सोय केली. दुसरं, बाईचा आत्ताचा पत्ता. तो सगळ्यांना दिसला तर जीवाशी खेळ. म्हणून तो फक्त दोघींनाच उघडता येतो, आणि कोणी उघडला त्याची नोंद राहते. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं.

एक सूचना

शेवटी एक सूचना मांडते. ती ठराव म्हणून घ्यायची का ते तुम्ही ठरवा.

प्रत्येक शाखेत महिन्यातून एक शनिवार 'फॉर्मचा शनिवार' ठेवू. ज्यांना अर्ज करायचाय त्यांनी कागद घेऊन यायचं. एम.सी.ए.च असं नाही, नर्सिंग असो, बी.एड. असो, मुक्त विद्यापीठ असो. एकीनं माहितीपुस्तिका मोठ्यानं वाचायची, दुसरीनं कागद तपासायचे, तिसरीनं संगणकावर भरायचं. विवाह नोंदणी, राजपत्र, खंडाचं प्रतिज्ञापत्र यांचे नमुने शाखेत ठेवायचे. आणि एक वही ठेवायची. तिच्यात तीनच रकाने असावेत. कोणता फॉर्म, कोणत्या प्रश्नाशी बाई अडली, आणि कशानं सुटली. सुटली नसेल तर तसं स्पष्ट लिहायचं.

सहा महिन्यांनी सगळ्या शाखांच्या वह्या एकत्र करू. 'बायकांना त्रास होतो' असं मोघम निवेदन देण्याऐवजी कोणत्या पानावरचा कोणता रकाना सक्तीचा नको आणि कुठं 'लागू नाही' हवं, अशी यादी संबंधित खात्यापुढं ठेवू. ती यादी तयार करायला मी आणि माझ्याबरोबर शिकलेल्या दोघी येऊ. वह्या मात्र तुम्ही भरायच्या आहेत. ज्यांचा अर्ज यंदाचाच आहे त्यांनी जेवणानंतर कागद घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी या, पहिली नोंद आजच करू.